धाव ते टायर : एका जुन्या ट्रॅक्टरच्या निमित्ताने

'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' या वाक्याखाली आपल्या शाळांमध्ये तीन उदाहरणे ठरलेली असतात. रेल्वेच्या रुळांमधील फट, विजेच्या तारांचा झोल आणि बैलगाडीच्या चाकावर चढवायची लोखंडी धाव. पहिली दोन मुलांनी पाहिलेली असतात. तिसरे बहुतेकांनी पाहिलेले नसते, पण परीक्षेत मात्र तेच येते. खरे सांगायचे तर आम्हीही पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली ती धाव चढवताना एकदाही न पाहता. ती पाहायचा योग आला गेल्या उन्हाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमच्या मामांच्या शेतावर. आणि तोही एका जुन्या, लहान ट्रॅक्टरमुळे.

हा ट्रॅक्टर अठरा अश्वशक्तीचा. कपाशीच्या दोन ओळींमधून डवरणी करता यावी म्हणून मुद्दाम अरुंद बांधणीचा घेतलेला. इंजिन उत्तम, पण चाके बसलेली. मागच्या दोन्ही टायरांना भेगा पडल्या होत्या आणि एका रिमला व्हॉल्व्हच्या भोवती गंजून भोके पडली होती. मामांनी तो विटांवर चढवून ठेवला होता. "तू एवढा शास्त्रज्ञ, सांग बा आता कोनता टायर घिऊ?" असा त्यांचा सरळ प्रश्न. आम्हाला उत्तर येत नव्हते. त्याच पडवीत भिंतीला टेकून जुन्या बंडीच्या दोन धावा उभ्या होत्या. प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या धावांपासूनच सुरुवात करावी लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

वऱ्हाडात चाक हे वाटते तितके जुने नाही. म्हणजे चाक माहीत होते, पण लांबचा माल त्यावरून जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथला कापूस, धान्य आणि मीठ मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई, आणि ही वाहतूक लमाणांचे तांडे करीत. वऱ्हाडचा कापूस अशा रीतीने पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत पोहोचत असे. बैलाच्या पाठीवर जेवढे ओझे मावते त्याच्या कितीतरी पट तोच बैल गाडीला जुंपल्यावर ओढतो. मग गाड्या का नव्हत्या?

याचे एक उत्तर रस्त्यात आहे आणि दुसरे चाकात. येथील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे भरपूर असतात. ती पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा आणि पावसाळ्यात चिखलाचा राप, अशा जमिनीवर पक्का रस्ता नसेल तर चाक हे ओझेच होते. तांडा मात्र वाट मिळेल तसा जाई. चाकाचेही तसेच. दख्खनमध्ये १८३०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी गाडीची चाके म्हणजे लाकडाच्या किंवा चक्क दगडाच्या भरीव चकत्या असत. पुणे-सोलापूर भागात जमिनीची पाहणी चालू असताना लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने आऱ्यांच्या चाकाची हलकी गाडी तयार करवली आणि सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला अशा गाड्यांचा कारखाना निघाला. आज आपण जिला 'परंपरागत' बैलगाडी म्हणतो, ती पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात अशी दोनशे वर्षांच्या आतली आहे. परंपरा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो.

वऱ्हाडात गाड्यांचे दिवस खऱ्या अर्थाने आले ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. यवतमाळ (तेव्हाचा वणी जिल्हा, नाव १९०५ मध्ये बदलले) या मार्गाच्या दक्षिणेला राहिला. त्यामुळे यवतमाळचा कापूस धामणगाव स्टेशनापर्यंत सुमारे पंचेचाळीस किलोमीटर गाडीने न्यावा लागे. भरलेली बंडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते, म्हणजे हा दोन दिवसांचा प्रवास. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची गाडी आली, जिला लोक शकुंतला म्हणतात. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली आणि आता बंद पडली आहे. पण शेतापासून जिनिंगपर्यंतचा प्रवास बंडीचाच राहिला, आणि बंडीबरोबर गावोगाव सुताराचा आणि लोहाराचा धंदा.

आता त्या धावेकडे वळू. लाकडी चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो, त्यात आरे ठोकलेले असतात आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर वाकदार लाकडांचे तुकडे बसवून वर्तुळ पुरे करतात. या तुकड्यांना पुठे म्हणतात. एका पुठ्यात साधारणपणे दोन आरे येतात, म्हणजे बारा आऱ्यांच्या चाकाला सहा पुठे. लाकूड बाभळीचे किंवा तिवसाचे. आस धावड्याचा असे, पुढे लोखंडाचा आला. या सगळ्या जुळणीत खिळा जवळजवळ नसतो. ती एकत्र राहते ती बाहेरून आवळलेल्या लोखंडी पट्टीमुळे, आणि ही पट्टी म्हणजे धाव.

मामांच्या गावापासून दोन कोसांवर एक लोहार अजून धावा चढवतात. वर्षाला दोन-चार कामे येतात. आम्ही गेलो तेव्हा पहाटेचे काम होते. पहाटेच का, असे विचारले तेव्हा कळले की उन्हात लोखंडाचा लाल रंग दिसत नाही आणि किती तापले ते समजत नाही. तापमापकाशिवाय तापमान मोजण्याची ही रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. तापलेले लोखंड पाचशे अंशांच्या आसपास अंधारात जेमतेम लाल दिसू लागते आणि सहाशे-सातशेला स्पष्ट लाल होते. धाव जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचल्या होत्या. भट्टी न वापरता गोवऱ्या का, तर पूर्ण कडे एकाच वेळी सारखे तापायला हवे.

आता हिशेब करू. हा वर्गात फळ्यावर जरूर करून पाहावा. चाकाचा व्यास दीड मीटर धरला तर परीघ सुमारे ४.७ मीटर होतो. लोहाराने धावेचा आतला परीघ चाकापेक्षा सुमारे २० मिलिमीटर कमी ठेवला होता. लोखंडाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला ०.०००००१२×१० म्हणजे ०.००००१२. तापमान ६०० अंशांनी वाढवले तर ४७०० × ०.००००१२ × ६०० = सुमारे ३४ मिलिमीटर. वीस भरून निघाले आणि चौदा उरले. परिघातले हे चौदा मिलिमीटर व्यासात साडेचारच होतात, म्हणजे चाकाभोवती चहूबाजूंनी जेमतेम दोन मिलिमीटरची सवड. तिघेजण सांडशीने लालभडक कडे उचलून आणतात, दोन मिलिमीटरच्या सवडीत बसवतात, घणाने ठोकतात आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओततात. हे काम अर्ध्या मिनिटाचे. ते चुकले तर चाक जळते.

येथे मुलांचा एक नेहमीचा गैरसमज दूर करता येतो. 'लोखंड सगळीकडे प्रसरण पावते, म्हणजे आतल्या बाजूलाही सरकेल आणि भोक लहान होईल' असे पुष्कळ मुलांना वाटते. आमच्या अनुभवात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही वाटते. कडे कापून सरळ पट्टी केली असे समजा. ती तापवल्यावर लांब होणार आणि पुन्हा वळवली तर मोठे वर्तुळ होणार. भोक मोठेच होते. नाही तर बैलगाडी निघालीच नसती.

पण हिशेब येथे संपत नाही, आणि पाठ्यपुस्तक नेमके येथेच थांबते. धाव थंड झाली की तिला २० मिलिमीटर आकसायचे आहे. लाकूड अजिबात दबले नाही तर तिला तेवढे ताणलेल्या अवस्थेत राहावे लागेल. ४७०० मध्ये २० म्हणजे ०.४ टक्के. साधे पोलाद सुमारे ०.१२ टक्क्यांपर्यंतच स्थितिस्थापक राहते. त्यापलीकडे ते कायमचे लांब होते आणि पकड ढिली पडते. म्हणजे परिघात सहा मिलिमीटरपेक्षा जास्त ताण धावेला सोसणार नाही. मग उरलेले चौदा मिलिमीटर कुठे जातात? लोहारांना विचारले तर त्यांनी हसून पुठ्यांच्या सांध्यांवर बोट ठेवले. सुतार हे सांधे मुद्दाम थोडे उघडे ठेवतो. सहा सांध्यांत वाटले तर प्रत्येकी दोन-सव्वादोन मिलिमीटर. धाव आवळते तसे सांधे मिटतात, आरे तुंब्यात घट्ट रुततात, आणि पाणी ओतल्यावर चाकातून करकर असा आवाज येतो तो याचाच. पाच सेंटिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटर जाड धाव या मर्यादेपर्यंत ताणली गेली तर तिच्यातला ताण सुमारे पंधरा टनांच्या वजनाएवढा भरतो.

हे चाक जिवंत लाकडाचे असल्याने ऋतूंप्रमाणे बदलते. वैशाखात लाकूड वाळून आकसते आणि धाव खुळखुळू लागते. मग पाचरी मारा, चाके नाल्याच्या पाण्यात भिजत घाला, आणि तेवढ्याने भागले नाही तर धाव कापून, जोडून पुन्हा चढवा. वंगणाचे नळकांडे गाडीखाली लटकलेले असे. दुरुस्ती हा चाकाच्या आयुष्याचा भागच होता.

या चाकाचा खरा दोष दुसराच होता. जमिनीवर त्याचा दाब फार. एका चाकावर ४०० किलो भार आला आणि पाच सेंटिमीटर रुंद धाव कठीण रस्त्याला दोन सेंटिमीटर लांबीवर टेकली, तर दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो दाब पडतो. मुरुमाच्या रस्त्याचे पीठ व्हायला तेवढा पुरे.

हवेच्या टायरची कल्पना मुळात गाडीसाठीच निघाली होती, सायकलीसाठी नव्हे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण. घोडागाड्यांवर ती चाललीही, पण महाग पडली आणि लोक विसरले. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तिचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली, तेव्हा सायकलींचे युग सुरू झाले होते आणि टायर टिकला. टायरमागचे तत्त्व सोपे आहे. मऊ टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच दाब देतो. भार वाढला तर दाब न वाढता टेकणारे क्षेत्र वाढते. लहान ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात दर चौरस सेंटिमीटरला एक-दीड किलो हवा असते. चाळीसच्या जागी दीड!

टायरात नुसते रबर नसते, आत कापडाचे थर असतात. सुरुवातीला ते कापसाच्या दोऱ्यांचे असत. टायरवर आजही '६ पीआर' असे लिहिलेले असते. प्लाय रेटिंग म्हणजे पूर्वी कापसाचे किती थर होते तो आकडा. आता आत नायलॉन असते आणि थरही तेवढे नसतात, तरी ताकद सांगायला जुनाच आकडा वापरतात. पण या टायरांत वऱ्हाडचा कापूस जात नव्हता. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, आणि टायरला लांब धागा लागे. इजिप्तचा कापूस अपुरा पडू लागला तेव्हा गुडइयर कंपनीने अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात स्वतः कापूस पिकवायला घेतला. तेथे वसलेल्या गावाचे नावच गुडइयर आहे.

ट्रॅक्टरला टायर यायला मात्र बराच उशीर लागला. पहिल्या ट्रॅक्टरांची चाके पोलादाची होती आणि मागच्या चाकांना पकडीसाठी मोठाले दाते असत. शेतात ठीक, पण रस्त्यावर चालवणे अशक्य, आणि चालकाची हाडे खिळखिळी. रबर शेतात टिकणार नाही, घसरेल, असेच बहुतेकांचे मत होते. १९३२ मध्ये अमेरिकेतील अॅलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला फायरस्टोनचे टायर बसवून पाहिले. सुरुवातीच्या चाचण्यांत तर विमानाचेच टायर होते. पुढच्या वर्षी बार्नी ओल्डफील्ड या मोटार-शर्यतपटूने अशा ट्रॅक्टरवरून ताशी साठ मैलांहून अधिक वेग गाठून दाखवला. हा जाहिरातीचा भाग. शेतकऱ्यांना पटले ते इंधनाच्या बचतीमुळे. दहा वर्षांच्या आत अमेरिकेतले बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले.

आपल्याकडे १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंज येथे सुरू झाला आणि बैलगाडीलाही टायर लागू लागले. हवेच्या टायरच्या गाडीला लोक डनलॉप म्हणू लागले, ते नाव कंपनी विसरल्यावरही राहिले. पुसद-उमरखेडकडे पोफळीच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाड्या याच प्रकारच्या. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडीचा सविस्तर अभ्यास केला. तेव्हा देशात सव्वा कोटीहून अधिक बैलगाड्या असाव्यात असा अंदाज होता, आणि त्यांतल्या बहुतेक लोखंडी धावेच्याच होत्या. शेतकरी अडाणी म्हणून असे झाले का? आम्हाला तसे वाटत नाही. टायरच्या चाकाचा व्यास लहान असतो, ते चाकोरीत आणि भेगेत अडकते. दीड मीटरचे चाक तीच भेग सहज ओलांडते. धाव ढिली झाली तर गावातला लोहार दाणे घेऊनही दुरुस्त करी. ट्यूब फुटली तर रोख पैसे हवेत आणि तालुक्याचा गाव हवा. रस्त्याचा फायदा सर्वांचा, टायरचा खर्च मात्र गाडीवाल्याचा.

भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, १९५९ मधला. मोठे ट्रॅक्टर कपाशीच्या ओळींत शिरू शकत नाहीत, म्हणून डवरणीला बैल राहिले. व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती, आणि २०१०च्या सुमारास आलेला महिंद्राचा युवराज, अशा लहान ट्रॅक्टरांनी ही शेवटची जागा घ्यायला सुरुवात केली.

मामांच्या ट्रॅक्टरचा मागचा टायर ८.००-१८ मापाचा. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. नगरातल्या एका दुकानदाराने त्याऐवजी रुंद टायर सुचवला होता, 'पकड चांगली येईल' म्हणून. पकड आली असती, पण ओळींमधली कपाशी दाबली गेली असती आणि रुंद टायर त्या रिमवर नीट बसलाही नसता. आम्ही मूळ मापच घ्यायला सांगितले. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर वयाने कडक होते, म्हणून स्वस्तातला जुना साठा घेऊ नये.

रिम का गंजली हे शोधायला थोडा वेळ लागला. नांगरताना चाक घसरू नये म्हणून ट्यूबमध्ये पाणी भरण्याची रीत आहे. या मापाच्या टायरात पाऊण भाग भरला तर आमच्या हिशेबाने सुमारे चाळीस लिटर मावते, म्हणजे दर चाकाला चाळीस किलो वजन फुकट. शिवाय हे वजन आसावर न येता थेट जमिनीवर येते. युक्ती चांगली, पण विहिरीचे क्षारयुक्त पाणी व्हॉल्व्हशी झिरपत होते आणि टायरची कड व रिम यांच्या फटीत साचत होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक भरते. त्यामुळे टायर रिमला असा धरून बसला होता की सुटेना.

तेव्हा एका गावकऱ्याने सुचवले की गॅसने रिम जरा तापवा, लोखंड फुगेल आणि सुटेल. धावेचाच न्याय! आम्ही अक्षरशः ओरडून थांबवले. टायर चढवलेल्या रिमला ज्योत किंवा वेल्डिंग लावणे म्हणजे बॉम्बशी खेळणे. हवा ३० वरून ३०० अंशांवर गेली तरी वायुनियमाप्रमाणे तिचा दाब दुपटीच्या आतच राहतो, पण रबर तापून विघटित होते, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात, ते आतल्या हवेत मिसळून पेटतात आणि मग होणाऱ्या स्फोटात पोलादी रिम हवेत उडते. व्हॉल्व्ह काढून हवा सोडली म्हणून हा धोका टळत नाही. अशा अपघातांत जगभर माणसे मेली आहेत. टायर पूर्ण उतरवल्याशिवाय आग जवळ आणायची नाही.

शेवटी साबणाचे पाणी, दोन पहारी आणि दुपारभराची मेहनत यांनी टायर सुटला. रिम तारेच्या ब्रशने घासली. टोचणीने टोचून पाहिले तर व्हॉल्व्हच्या भोवतीचा हातभर पत्रा सोडल्यास बाकीचा ठणठणीत होता. "टायर नवा भेटते भाऊ, या मापाची रिम नाही भेटत," असे म्हणत वेल्डरने तेवढा तुकडा कापून नवा जोडला. मग रिम काठीसमोर फिरवून गोलाई पाहिली, रेड ऑक्साइड दिले आणि रंग लावला. नवे टायर नगरातून बसवून आले ते उलटे. मागच्या टायरवरील 'व्ही'च्या आकाराच्या दातांचे टोक आधी जमिनीला लागले पाहिजे, म्हणजे फिरताना चिखल बाहेर ढकलला जातो. बाजूवर बाण असतो, तो कुणी पाहिला नव्हता. चाकांची अदलाबदल करून हेही निस्तरले. पाणी यावेळी भरले नाही. नांगरणी मोठ्या ट्रॅक्टरने भाड्याने होते, डवरणीला एवढ्या वजनाची गरज नाही, आणि ओल्या काळ्या जमिनीत जास्त वजन म्हणजे माती दडपणे.

पडवीतल्या धावांपैकी एक मामांनी त्याच लोहाराकडे दिली. तिच्यातून डवऱ्याच्या दोन पासा निघाल्या. पोळ्याच्या आधी ट्रॅक्टर कपाशीत गेला तेव्हा त्या मागे लावलेल्या होत्या. दुसरी धाव अजून भिंतीला टेकून आहे.